चुकीच्या जागी टाळ्या

जर्मनीत भाड्याचं घर शोधताना घरमालकाला स्वतःबद्दल एक पान लिहून द्यावं लागतं. नोकरी कुठे, माणसं किती, कुत्रं-मांजर आहे का, घरात कोणी वाद्य वाजवतं का. मी ते पान अगदी खरं लिहिलं, शेवटची ओळ सोडून. छंदांच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. माझे खरे छंद दोनच: याद्या करणं आणि यादीतल्या झालेल्या कामांवर काट मारणं. ऑफिसातल्या एका अनुभवी मुंबईकराने सल्ला दिला, "वाचन लिही. आवाज होत नाही." पण वाचन सगळेच लिहीत असणार, म्हणून मी लिहिलं, 'शास्त्रीय संगीत, फक्त ऐकण्यापुरतं'.

माझं शास्त्रीय संगीत म्हणजे शाळेत असताना आईने लावलेला गाण्याचा क्लास. तिथल्या बाईंनी दीड वर्षाने आईला बोलावून सांगितलं होतं, "हिला चित्रकलेला घाला." चित्रकलेच्या बाईंनी पुढे काय सांगितलं ते इथे गैरलागू आहे.

तर त्या एका ओळीवर कायझर्सलाउटर्नमधल्या एका चढावरच्या तीन मजली घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. अर्जांचा ढीग आला होता म्हणे. तळमजल्यावर घरमालक स्वतः राहायचे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाठ ताठ, खिशात कायम मोजपट्टी. आयुष्यभर नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात काम केलेलं. घरी आम्ही त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचो. किल्ल्या देताना त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "गुरुवारी संध्याकाळी तुम्ही मोकळ्या असता का?"

मी म्हटलं, हो. नवीन भाडेकरू घरमालकाला नाही म्हणत नाही.

इन्स्पेक्टर बोलायचे कमी आणि चिठ्ठ्या जास्त लिहायचे. आमच्या पहिल्याच रविवारी मी मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटली. जर्मनीत रविवारी दुपारी शांतता पाळायची असते हे मला माहीत होतं, पण चटणी दोन मिनिटांची असते असा माझा हिशेब. सोमवारी सकाळी पत्रपेटीत चिठ्ठी. 'रविवार, तेरा वाजून चाळीस मिनिटे, तुमच्या स्वयंपाकघरातून, फोर्टिसिमो.' खाली सही आणि तारीख. हा संगीतातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'फार मोठ्याने' असा आहे, हे मला इंटरनेटवर बघावं लागलं. जिन्यात एक पाटी होती, 'पायऱ्यांवर पियानो, कृपया.' मी पहिले दोन आठवडे जिन्यातून जाता-येता पियानो कुठे ठेवलाय ते शोधत होते. पियानो म्हणजे 'हळू' असंही असतं, हे मला नवऱ्याने सांगितलं. त्याला संगीत माझ्याइतकंच कळतं, पण त्याने पियानो न शोधता आधी शब्दकोश उघडला होता.

खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कपडे वाळवायची खोली होती. तिच्या तीन किल्ल्या, तीन घरांना. इन्स्पेक्टरांच्या किल्लीला पितळी बिल्ला, त्यावर कोरलेलं 'हायडन'. मधल्या मजल्यावर एक शांत जोडपं राहायचं, त्यांच्या किल्लीवर 'मोझार्ट'. आमच्या किल्लीवर 'बेटहोवेन'. तिघंही जुने मोठे संगीतकार, एवढं मलाही माहीत होतं. मला मान वाटला. मी आनंदाने तसं बोलूनही दाखवलं.

"आल्झो," इन्स्पेक्टर म्हणाले. 'तर मग' अशा अर्थाच्या या शब्दाने त्यांचं प्रत्येक व्याख्यान सुरू व्हायचं. "शेजारीणबाई, नीट समजून घ्या. हायडनने घर बांधलं. पाया, खांब, जिना, सगळं मापात. मोझार्ट त्या घरात राहायला आला आणि त्याने खिडक्या उघडल्या. मग आला बेटहोवेन. त्याने भिंती पाडल्या."

"हो, पण छानच पाडल्या ना?" मी अंदाजाने म्हटलं.

"पाडकाम उत्तम आहे. पण अर्ज कुठे आहे?"

बेटहोवेनचा एक प्लास्टरचा अर्धपुतळा त्यांच्याकडे होता. तो तळघरात आमच्या वॉशिंग मशीनच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मशीन जोरात फिरू लागलं की तो थरथरायचा. मी एकदा त्याला सरळ केलं, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडे. चिठ्ठी नव्हती. काही गोष्टी लिहिण्यापलीकडच्या असतात.

गुरुवारचं प्रकरण असं होतं. इन्स्पेक्टर व्हायोलिन वाजवायचे, आणि त्यांची चौघांची एक चौकडी होती. पहिलं व्हायोलिन ते स्वतः. दुसरं एका निवृत्त औषधविक्रेत्याकडे. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची जरा जाड आवाजाची थोरली बहीण, ती एक बेकरीवाले वाजवायचे. ते पहाटे तीनला उठायचे म्हणून सगळा कार्यक्रम साडेसहाला सुरू होऊन साडेआठला संपायचा. आणि चेलोवर, म्हणजे गुडघ्यांत उभं धरून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनवर, दातांच्या एक डॉक्टरबाई. अशा चार वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेलाही चौकडीच म्हणतात, आणि हायडनच्या चौकड्या अडुसष्ट. हे चौघं त्या एकापासून अडुसष्टपर्यंत क्रमाने वाजवायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. माझा नवरा म्हणायचा, "गेली का तुझी चांडाळचौकडी?" तो वर बसून मॅच बघायचा, आणि मॅच फोर्टिसिमो बघायचा नाही याची काळजी मला घ्यावी लागायची.

या चौघांना पाचवं माणूस का हवं होतं, ते इन्स्पेक्टरांनीच सांगितलं. "ऐकायला कोणी नसेल तर तो सराव. एक जरी माणूस बसलं तर ती मैफल." आधी ते एक माणूस म्हणजे त्यांची बायको होती. ती गेली, त्यानंतर दोन वर्षं नुसता सराव चालला होता. मग वरचा मजला रिकामा झाला आणि माझा अर्ज आला. खिडकीजवळच्या खुर्चीत मला बसवलं गेलं. त्या खुर्चीच्या गादीला एक खोलगटपणा होता आणि तो माझ्या मापाचा नव्हता.

पहिल्या गुरुवारी मी चेहऱ्यावर जाणकारी आणून बसले. मान किती हलवायची ते कळेना म्हणून अजिबात हलवली नाही. शेवटचा भाग जोरात चालला होता, आणि एकदम थांबला. संपलं. मी टाळ्या वाजवल्या. तर ते पुन्हा सुरू. पुन्हा थांबले. या वेळी मी मनातल्या मनात तीन मोजले आणि टाळ्या वाजवल्या. पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा मी पर्स उचलून उभी राहिले होते. त्यानंतरही ते वाजलंच.

घर गेलं, असं मला वाटलं. डोळ्यांसमोर खोकी आणि मूव्हर्सचे फोन आले. पण इन्स्पेक्टर व्हायोलिनचा गज खाली ठेवून हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"दोनशेहून जास्त वर्षं झाली!" ते बाकीच्यांना म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वीची थट्टा, आणि आज लागू पडली! सगळे आधी वाचून येतात, मग शहाण्यासारखे गप्प बसतात. ही बघा, ही खरी श्रोती!"

हायडनने ती चौकडी मुद्दाम तशी रचली आहे. शेवट झाला असं वाटावं आणि होऊ नये, दोन-चारदा. ऐकणाऱ्याला फसवायचं, हीच त्यातली गंमत. मी फसले, याचा अर्थ मी फार सूक्ष्म ऐकते, असा त्या चौघांनी अर्थ लावला. मी तो दुरुस्त केला नाही. गृहकर्ज नसलेल्या बाईने भाड्याचं घर असं सहज सोडायचं नसतं.

पुढचं दीड वर्ष मी दर गुरुवारी त्या खुर्चीत बसले. मध्यंतरात प्रत्येकी सहा खाऱ्या काड्या आणि सोडा घातलेली वाइन. सातवी काडी मी एकदा घेतली होती. पुढच्या गुरुवारी काड्या मोजून बशी माझ्या हातात दिली गेली. मांडीवर माझी छोटी वही असायची. त्यात मी आठवड्याचा किराणा लिहायचे. एकीकडे हायडन, एकीकडे कोथिंबीर, दही, डिशवॉशरच्या गोळ्या. चौकडीला वाटायचं मी टिपणं काढते. एवढ्या व्यवस्थित याद्या मी आयुष्यात कधी केल्या नव्हत्या, हे हायडनचं ऋण मानलंच पाहिजे.

मग दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इन्स्पेक्टर वर आमच्याकडे आले. वेळ ठरवून, चिठ्ठी पाठवून, दारात बूट काढून. स्वयंपाकघरात टेबलाशी ताठ बसले आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला.

"आल्झो. इमारत धोकादायक होते तेव्हा मालकाला ते सगळ्यात शेवटी दिसतं. तो रोज त्याच भिंतीकडे बघत असतो. म्हणून बाहेरचं माणूस पाठवायचं असतं. मी ते काम पस्तीस वर्षं केलं. आता माझ्याकडे कोणी पाठवत नाही."

कागदावर लिहिलं होतं, की त्यांचं वादन चौकडीच्या लायकीचं राहिलं नाही असं ज्या दिवशी मला वाटेल, त्या दिवशी मी त्यांना तसं लेखी कळवायचं.

"तुमचे मित्र आहेत की," मी म्हटलं.

"गेनाऊ," ते म्हणाले. "अगदी तेच. ते मित्र आहेत. तुम्ही मात्र स्पष्ट बोलता, आणि तुम्हाला संगीत कळतं."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. मी सही केली. या देशात कोणी कागद पुढे सरकवला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "तुला फायर अलार्म आणि व्हायोलिन यांतला फरक कळतो का?"

"फायर अलार्म छताला असतो."

"मग सही कशाला केलीस?"

याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सापडलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते मला कधीच माहीत नसतं. तो कुठे अडकतो एवढं मी बघते आणि नोंदवते. तेच इथे करायचं. मी वहीत रकाने आखले: तारीख, चौकडी कितवी, किती वेळा थांबले, कारण. किराणा मागच्या पानावर गेला.

तीन महिने नोंदी झाल्या. आकडे वाढत होते. पण कारणांचा इन्स्पेक्टरांशी काही संबंध दिसेना. डॉक्टरबाईंचा चष्मा पडला. औषधविक्रेत्यांची तार उतरली. बेकरीवाल्यांना खोकला आला. पुन्हा चष्मा. मी निष्कर्ष काढला की इन्स्पेक्टर ठणठणीत आहेत आणि बाकीची तीन माणसं मोडकळीला आली आहेत. आता त्यांना लेखी कळवायचं की काय, या विचारात मी होते.

तेवढ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. त्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. गुरुवारी त्याही खाली आल्या, हातमोजे घालून, शाल पांघरून. मी बजावलं होतं, "आई, इथे कोणी खोकतसुद्धा नाही. गप्प बसायचं."

पाचव्या मिनिटाला त्यांनी मांडीवर हात मारून मोठ्याने "वा!" केलं.

डॉक्टरबाईंचा गज हवेत थांबला. इन्स्पेक्टर सासूबाईंकडे वळून उठून उभे राहिले, लवून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, हायडनच्या काळात लोक असंच करायचे. मध्येच दाद द्यायचे. आम्ही नंतर ते बंद केलं." मी भाषांतर केलं. "मग चूक केलीत म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. हे मी भाषांतर केलं नाही, पण त्यांना कळलं असावं.

वर आल्यावर शालीची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "अगं, त्या बाबांचा हात थकलाय. जलद आलं की बोटं मागे राहतात. आणि त्या बाईंचा चष्मा बरोबर तेव्हाच कसा गं पडतो?"

मी वही काढली. माझ्या तीन महिन्यांच्या नोंदी, रकाने, तारखा. सासूबाईंनी एका बैठकीत काढलेलं उत्तर त्यात पहिल्या पानापासून होतं. चष्मा, खोकला आणि तार ही तिघं मिळून एका माणसाला सावरून धरत होती. तो अडखळला की कोणीतरी थांबायचं, म्हणजे त्याला वाटेल थांबलो ते दुसऱ्यामुळे.

"सांगणार आहेस का?" सासूबाईंनी विचारलं.

"सही केलीय मी."

"मग सांग की."

ऑफिसात चूक कळवताना ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याच्या भावनांचा रकाना नसतो, आणि मी आजवर तो कधी मागितलाही नाही. तरी मी सहा आठवडे टाळलं. आधी सर्दी. मग नाताळ. मग टॅक्सचे कागद, ज्यांची मुदत जुलैत होती. दरम्यान डॉक्टरबाईंनी मला जिन्यात गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कळलंय, हो ना? नका सांगू त्यांना. गुरुवार गेला की त्यांच्याकडे फक्त मोजपट्टी उरेल." त्या रडतील अशी मला भीती वाटली, म्हणून मी केर टाकायला आले आहे असं सांगून निघाले. हातात केराची पिशवी नव्हती.

शेवटी एका शनिवारी सकाळी मी वही घेऊन खाली गेले.

"मला दोन गोष्टी सांगायच्यात."

"क्रमाने," इन्स्पेक्टर म्हणाले.

"पहिली, मला संगीतातलं काही कळत नाही. अर्जात लिहिलं होतं ते खोटं होतं."

"आणि दुसरी?"

"भेग आहे."

ते बसले. मग हात पुढे केला. "दाखवा."

त्यांनी वही एकेक ओळ वाचली, बोट टेकवत, जसे कोणाचे नकाशे तपासावेत. कारणांच्या रकान्यावर बोट सावकाश खाली आलं. चष्मा. तार. चष्मा. खोकला. चष्मा.

"तिला वाजवताना चष्मा लागतच नाही," ते म्हणाले. "तो गाडी चालवायचा आहे." बाहेर कोणीतरी काचेच्या बाटल्या डब्यात टाकत होतं, एकेक. "केव्हापासून?"

"वहीत सप्टेंबरपासून. खरं तर आधीपासून असेल."

त्यांनी पान मागे उलटलं. तिथे कोथिंबीर, दही आणि डिशवॉशरच्या गोळ्या.

"हे हायडनवर आहे?"

"नाही."

"पहिल्या गुरुवारी तुम्ही दोनदा चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्यात आणि तिसऱ्यांदा पर्स उचललीत," ते म्हणाले. "मी पस्तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले, शेजारीणबाई. संगीत कळणारं माणूस हायडन ऐकत बसलं असतं. मला आमच्याकडे बघणारं हवं होतं. भेग बघायला स्थापत्यशास्त्र लागत नाही."

इथे एखाद्या बऱ्या बाईने त्यांच्या हातावर हात ठेवला असता. मी विचारलं, "मग घर सोडावं लागेल का आम्हाला?"

"खोट्या छंदासाठी भाडेकरार रद्द करायची तरतूद नाही," ते म्हणाले. "आता हे लेखी द्या."

मी तिथेच बसून तीन ओळी लिहिल्या. त्यांनी व्याकरणाच्या दोन चुका सुधारल्या, कागदाला भोकं पाडली आणि फाइलीत लावला. फाइलीच्या पाठीवर लिहिलं होतं, 'घर, दुरुस्ती'.

त्या वसंतात ते ड्रेस्डेनला मुलीकडे राहायला गेले. तिथून चिठ्ठ्या येतात. मुलीच्या शेजाऱ्यांचं कुत्रं आलेग्रोमध्ये, म्हणजे जलद लयीत, भुंकतं. खालचं घर आता एका शिक्षिकेला दिलं आहे. हायडनची किल्ली मात्र त्यांनी जाताना आमच्याकडे दिली आणि बेटहोवेनची तिला. बढती आहे की सूचना, हे विचारायचं राहिलं.

जाण्याआधी एक शेवटचा गुरुवार झाला. इन्स्पेक्टरांनी तिघांना सांगितलं होतं, "मला आता सगळं ठाऊक आहे, चष्मा पर्समध्ये ठेवा." डॉक्टरबाईंनी तो खरंच पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. क्रमाने त्या दिवशी एकेचाळिसावी यायची होती. त्यांनी क्रम मोडला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि माझ्या पहिल्या गुरुवारची ती फसवी चौकडी काढली.

"यात थांबायला हायडनने स्वतःच जागा ठेवल्यात," ते म्हणाले. "कोणाला काही पाडावं लागणार नाही."

मी खुर्चीत सरसावून बसले. वही आणली नव्हती. शेवटचा भाग आला. जलद जागी त्यांची बोटं मागे राहत होती, आता मलाही ते दिसत होतं. कोणीही थांबलं नाही. तिघं जरा सावकाश झाले, एवढंच. मग पहिला फसवा शेवट आला. मी हात मांडीवर घट्ट धरले. सुरू झालं. दुसरा. मी हलले नाही. इन्स्पेक्टरांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. मला आता कोणी फसवू शकत नव्हतं. मोठी शांतता. मग ती पहिलीच ओळ, अगदी हळू, जणू सगळं नव्याने सुरू होणार. आणि पुन्हा थांबले.

मी वाट बघत बसले. डॉक्टरबाईंनी गजाचे केस सैल केले. बेकरीवाल्यांनी पानं मिटली. इन्स्पेक्टरांनी व्हायोलिन फडक्याने पुसलं. मी बसलेलीच. मग ते हसायला लागले.

"पुन्हा फसली!" ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "बघितलंस? दुसऱ्यांदा!"

मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या व्हायोलिनच्या पेटीच्या दोन्ही कड्या लावून झाल्या होत्या.